फरक मोजणारी यंत्रं : प्रस्तावना

शोधून काढावं असं युरेनियम वरवे बुद्रुकच्या आसपास कुठेही नाही. भोर तालुक्यातलं हे गाव पुणे-सातारा महामार्गालगत, शिवगंगेच्या खोऱ्यात आहे. भोवतीचे डोंगर, विहिरींचे कठडे, जुन्या घरांची जोती, बांधावर रचलेले धोंडे, सगळं एकाच काळ्या कातळाचं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेला हा लाव्हा युरेनियम आणि थोरियमच्या बाबतीत अतिशय दरिद्री आहे. युरेनियम शोधण्यासाठी बनवलेल्या जुन्या यंत्रांचं पुस्तक इथे बसून लिहावं, याचं अनेकांना नवल वाटलं. मला मात्र या कामासाठी याहून योग्य जागा महाराष्ट्रात दिसत नाही. ही यंत्रं युरेनियम ओळखत नाहीत, ती फक्त फरक दाखवतात. आणि फरक समजून घ्यायचा तर आधी जिथे जवळजवळ काही नाही, अशा जमिनीवर उभं राहून कान तयार करावा लागतो.

पुस्तकाचा विषय आहे साधारण १९४५ ते १९७५ या काळातली, खांद्याला अडकवून किंवा हातात धरून रानोमाळ न्यायची किरणमापकं. त्यातली बहुतेक गायगर काउंटर या एकाच नावाने ओळखली जातात. हान्स गायगर यांनी रदरफोर्ड यांच्याबरोबर १९०८ मध्ये पहिलं असं उपकरण बनवलं. वाल्टर म्युलर या त्यांच्या विद्यार्थ्याबरोबर १९२८ मध्ये त्यांनी जी सुधारलेली नळी केली, तिचंच रूप पुढच्या सगळ्या यंत्रांत आलं. धातूची किंवा काचेची नळी, तिच्या मधोमध ताणलेली बारीक तार, आत कमी दाबाचा आर्गॉनसारखा वायू आणि तार व भिंत यांच्यामध्ये काहीशे व्होल्टचा दाब. एखादा किरण आत शिरून वायूचा एक अणू जरी फोडून गेला, तरी सुटलेला इलेक्ट्रॉन तारेकडे धावताना वाटेतले आणखी अणू फोडतो, ते आणखी फोडतात, आणि क्षणार्धात विजेचा एक ठोका तयार होतो. हेडफोनमध्ये ती टिक ऐकू येते. नळीत थोडी अल्कोहोलची वाफ किंवा हॅलोजन वायू घातलेला असतो तो हा भडका आवरण्यासाठी. तो नसेल तर पहिल्या टिकेनंतर नळी ओरडतच राहील. हॅलोजनच्या नळ्या १९४० च्या दशकाच्या अखेरीस आल्या. त्या कमी व्होल्टवर चालत आणि जास्त टिकत. आज सत्तर वर्षांनंतरही जी यंत्रं बोलतात, त्यांत अशाच नळ्यांचा भरणा आहे.

इथे पहिली गोष्ट नीट समजून घ्यावी. यंत्र सुरू केल्याबरोबर ते टिकटिकायला लागतं, जवळ काहीही नसलं तरी. माझ्याकडे येणारे पाहुणे हमखास दचकतात. पण ही टिकटिक सगळीकडे असते, आणि वरव्यात तिचा मोठा वाटा जमिनीचा नाही, आकाशाचा आहे. विश्वकिरण वातावरणावर आदळून तयार होणारे म्युऑन नावाचे कण समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक या हिशेबाने कोसळत असतात. दहा सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर जाड नळी आडवी धरली, तर तिच्या वाट्याला मिनिटाला पंधराएक कण येतातच. उरलेलं देणं कातळाचं. आपल्या बेसाल्टमध्ये युरेनियम दहा लाख भागांत अर्धा भाग किंवा त्याहूनही कमी असतं, ग्रॅनाइटमध्ये चारएक भाग. एक ग्रॅम युरेनियम-२३८ मध्ये सेकंदाला सुमारे १२,४०० अणू फुटतात, म्हणजे एक किलो बेसाल्टमधल्या युरेनियमचे पाच-सहा आणि एक किलो ग्रॅनाइटमधल्या युरेनियमचे पन्नासएक. पोटॅशियमची तफावतही अशीच. ते बेसाल्टमध्ये अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर असतं आणि ग्रॅनाइटमध्ये तीन-चार टक्के. थोरियमचं गणितही त्याच दिशेने जातं. म्हणून वरव्याच्या माळावर सुई जिथे स्थिरावते, तिला मी पायरेघ मानली आहे आणि या पुस्तकातला प्रत्येक आकडा तिच्या तुलनेत दिला आहे.

आकाश आणि जमीन यांचं हे नातं मुंबईच्या इतिहासातही आहे, आणि तो भाग मला या सगळ्या विषयात सर्वांत जवळचा वाटतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं उद्घाटन १९४५ च्या डिसेंबरात पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात झालं आणि १९४९ मध्ये ती गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली. तिचे संस्थापक होमी भाभा यांचा स्वतःचा विषय विश्वकिरण. फुग्यांबरोबर वर पाठवायला आणि खाणीत खोल उतरवायला गायगर नळ्या हव्यात, आणि त्या परदेशातून मागवत बसायचं नाही, असा निश्चय तिथे होता. याच संस्थेच्या बी. व्ही. श्रीकंटन यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अशी उपकरणं कोलारच्या सोन्याच्या खाणीत नेली आणि जमिनीखाली जाऊ तशी आकाशाची टिकटिक कशी क्षीण होत जाते, ते मोजलं. काच फुंकणं, तार ताणणं, नळीतली हवा काढून वायू भरणं, ती दिवसेंदिवस तपासणं, ही कारागिरी या शहरात आकाशासाठी रुजली, आणि काही वर्षांत तीच जमिनीकडे वळली.

वळायला कारणही होतं. अणुऊर्जा आयोग १९४८ च्या ऑगस्टमध्ये स्थापन झाला आणि १९४९ मध्ये दुर्मीळ खनिजांच्या पाहणीसाठी एक छोटं पथक उभं राहिलं. हिमालयाच्या भूरचनेवरच्या कामासाठी जगभर मान असलेले दाराशा नोशेरवान वाडिया त्याचे प्रमुख होते. हेच पथक वाढत वाढत पुढे अणुखनिज विभाग झालं. आज त्याचं मुख्यालय हैदराबादला आहे. पथकाच्या हाती फार नव्हतं. मोजकी माणसं, मोजकी यंत्रं आणि अवाढव्य देश. तरीही १९५१ मध्ये सिंहभूमच्या पट्ट्यात जादूगुडाचा साठा सापडला. त्यातलं युरेनियम शंभर किलो खडकात जेमतेम साठ-सत्तर ग्रॅम, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणारं. तांब्याच्या जुन्या खाणींचा तो पट्टा माणसांनी शतकानुशतकं तुडवला होता. तिथे कानाला हेडफोन लावून चालत गेलेल्या भूशास्त्रज्ञांना जे कळलं, ते त्याआधी कुणालाच कळण्याजोगं नव्हतं. जादूगुडाची गिरणी १९६८ मध्ये चालू झाली.

या यंत्रांच्या देशी घडणीमागचं सर्वांत महत्त्वाचं नाव अय्यगारी सांबशिव राव यांचं. ते आधी टाटा संस्थेत आणि मग तुर्भ्याच्या अणुऊर्जा केंद्रात इलेक्ट्रॉनिक्स विभाग उभारत गेले. १९५६ मध्ये चालू झालेल्या अप्सरा अणुभट्टीची नियंत्रण यंत्रणा याच गटाची. किरणमापकं बनवण्याचं काम वाढत जाऊन त्यातूनच १९६७ मध्ये हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया निघाली. दक्षिणेतल्या किनाऱ्यांवरच्या किरणोत्साराच्या अभ्यासांत या कंपनीच्या एसएम १४१ सिंटिलोमीटरचं नाव वारंवार येतं. विकत आणून पेटीतून काढलेलं यंत्र आणि स्वतः नळी भरण्यापासून उभं केलेलं यंत्र यांची किंमत मी सारखी धरू शकत नाही. म्हणून या पुस्तकात देशी यंत्रांना मी मुद्दाम जास्त पानं दिली आहेत, त्यांचे रंग उडालेले असले आणि तबकड्या पिवळ्या पडलेल्या असल्या तरी.

परदेशी यंत्रांची कथा वेगळी आहे आणि ती सर्वत्र सांगितली गेली आहे, म्हणून इथे थोडक्यात. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने १९४८ मध्ये युरेनियमच्या खनिजाला हमीभाव आणि नव्या श्रीमंत साठ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. पुढच्याच वर्षी सामान्य माणसासाठी युरेनियम कसं शोधावं याची सरकारी पुस्तिका निघाली. शिक्षक, मेकॅनिक, गृहिणी, सगळे सुट्टीत कोलोरॅडोच्या पठारावर जाऊ लागले. लॉस एंजेलिसची प्रिसिजन रेडिएशन इन्स्ट्रुमेंट्स, क्लीव्हलंडची व्हिक्टोरीन, कॅलिफोर्नियाचीच डिटेक्ट्रॉन अशा कंपन्यांनी या हौशी गिऱ्हाइकासाठी चकचकीत यंत्रं काढली. गंमत म्हणजे त्या लाटेतला सर्वांत गाजलेला शोध लावणाऱ्या चार्ली स्टीनकडे गायगर काउंटर नव्हता. तो घ्यायला पैसेच नव्हते. १९५२ मध्ये युटामध्ये त्याने बोअरमधून काढलेला काळा दगड एका पेट्रोलपंपावरच्या काउंटरजवळ धरला आणि सुई टोकाला जाऊन आपटली. त्याला साठा सापडला तो भूरचनेच्या अभ्यासातून. यंत्राने फक्त होकार दिला. दशक संपता संपता सरकारने खरेदीला आवर घातला आणि ती यंत्रं माळ्यावर गेली.

आपल्याकडे अशी झुंबड कधी उठली नाही. युरेनियम सुरुवातीपासून सरकारच्या ताब्यात राहिलं, १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने ती पकड अधिक पक्की केली. त्यामुळे इथे हौशी माणसासाठी यंत्र बनलंच नाही. जी होती ती विभागाच्या भांडारात, नोंदवहीत क्रमांक लागलेली. संग्राहकाच्या हाती ती फार उशिरा आणि फार थोडी येतात.

पुढच्या पिढीचं यंत्र म्हणजे सिंटिलेशन काउंटर, म्हणजेच सिंटिलोमीटर. गायगर नळीची एक मोठी मर्यादा अशी, की तिच्यातून जाणाऱ्या शंभर गॅमा किरणांपैकी एखादाच तिला जाणवतो, बाकीचे वायूतून आरपार निघून जातात. रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी १९४८ मध्ये थॅलियमचा अंश मिसळलेला सोडियम आयोडाइडचा स्फटिक वापरून दाखवला. हा जड, पारदर्शक स्फटिक गॅमा किरण अडवतो आणि त्या ऊर्जेचा मंद उजेड करतो. त्यामागची फोटोमल्टिप्लायर नळी त्या उजेडाचं विजेत रूपांतर करते. इंचभराचा स्फटिकसुद्धा साध्या जागी मिनिटाला हजारांत मोजतो. याचा अर्थ केवळ आकडे मोठे झाले असा नाही. मिनिटाला वीस टिका असतील तर पुढच्या मिनिटाला चौदा किंवा सव्वीस येणं हा निव्वळ योगायोग असू शकतो. त्यातून खडक बदलला की नाही हे ठरवायला एका जागी बराच वेळ उभं राहावं लागतं. हजारांत मोजणाऱ्या यंत्राला थोडासा फरकही चालता चालता कळतो, आणि जीपमधून किंवा विमानातूनही पाहणी करता येते. मात्र स्फटिक दमटपणाने खराब होतो, धक्क्याने तडकतो. कोकणाच्या पावसाळ्यात तो जपणाऱ्यांचे काय हाल झाले असतील, याची मला पूर्ण कल्पना आहे.

यंत्र फरक सांगतं, पण फरक कशामुळे पडला ते सांगत नाही. वरव्यात याचे धडे घरोघर मिळतात. पावसाळ्यात पहिली मोठी सर येऊन गेली की आकडा चढतो. हवेतल्या रेडॉनपासून तयार झालेले शिशाचे आणि बिस्मथचे किरणोत्सारी अणू पावसाबरोबर खाली येतात. त्यांचं अर्धायुष्य वीस-सत्तावीस मिनिटांचं, म्हणून दोन-तीन तासांत आकडा आपोआप उतरतो. हे ठाऊक नसलेला माणूस ओल्या माळावर खुणेचे दगड लावत बसेल. विहिरीच्या पायऱ्या उतरताना सिंटिलोमीटरचा आकडा थोडा वाढतो, कारण पायाखाली असलेला कातळ आता चारही बाजूंना आला. खडक तोच, फक्त वेढा वाढला. घळीत आणि खिंडीत पूर्वीच्या शोधकांना याच गोष्टीने अनेकदा चकवलं. खताच्या गोदामात तर यंत्र उत्साहाने बोलू लागतं. पोटॅशियमच्या प्रत्येक ग्रॅममागे सेकंदाला सुमारे एकतीस अणू फुटतात आणि लाल पोटॅशच्या पन्नास किलोच्या पोत्यात पंचवीसएक किलो पोटॅशियम असतं, म्हणजे सेकंदाला साडेसात लाखांहून अधिक. यात घाबरण्यासारखं काही नाही, आपल्या शरीरातही हेच पोटॅशियम आहे. तसंच स्वयंपाकघरातला ओटा. कर्नाटकातून किंवा आंध्रातून आलेला गुलाबी ग्रॅनाइट बाहेरच्या काळ्या दगडापेक्षा स्पष्टपणे जास्त टिका देतो. ज्याला दुकानदार ब्लॅक ग्रॅनाइट म्हणतात तो बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, आणि तो आपल्या कातळासारखाच गप्प राहतो.

सर्वांत जोरदार उत्तर मिळतं ते गॅसबत्तीच्या जुन्या मेंटलकडून. लग्नाच्या वरातीत, तमाशाच्या बोर्डावर, जत्रेत ज्या बत्त्यांनी रात्र उजळली, त्यांची ती पांढरी जाळी म्हणजे जवळजवळ निव्वळ थोरियम ऑक्साइड आणि चिमूटभर सेरियम. तापल्यावर तो लखलखीत पांढरा उजेड सेरियममुळे पडतो, आणि जाळी त्या उष्णतेत टिकते ती थोरियममुळे. या मेंटलच्या धंद्यासाठीच शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९०९ मध्ये त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची मोनाझाइटची वाळू ओळखली. काथ्याला चिकटून परदेशी गेलेल्या वाळूवरून त्याला तिचा माग लागला. स्वातंत्र्यानंतर हीच वाळू देशाच्या अणुकार्यक्रमाचा आधार ठरली. इंडियन रेअर अर्थ्‌स १९५० मध्ये निघाली आणि तुर्भ्याला थोरियमचा कारखाना १९५५ मध्ये. बत्ती आणि अणुऊर्जा यांचा हा संबंध शाळेच्या पुस्तकात कधी आला नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

याच संदर्भात रत्नागिरीच्या काळ्या वाळूबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. ती काळी आणि जड आहे म्हणून किरणोत्सारी असणार, असं कोकणात अनेकदा ऐकू येतं. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूबरोबर मोनाझाइट येतं आणि तिथे यंत्र खरोखर धावतं. रत्नागिरीची वाळू मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटची, सह्याद्रीच्या बेसाल्टमधून झिजून आलेली. आई गरीब तशी लेक गरीब. युरेनियमच्या खुणा पाहायच्या तर बेसाल्टची चादर जिथे संपते तिथे जायला हवं. बेळगाव जिल्ह्यात देशनूरच्या बाजूला, फार जुन्या वालुकाश्मात अणुखनिज विभागाला त्या मिळाल्या. वरव्याहून याच महामार्गाने दक्षिणेला सरळ गेलं की काळा दगड मागे पडतो आणि पायाखालचं युग बदलतं.

खडक कमी बोलतो की जास्त, एवढं कळलं तरी पोटॅशियम, थोरियम आणि युरेनियम वेगळे कसे ओळखायचे, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर १९६० च्या दशकात रानात पोहोचलेल्या गॅमा वर्णपटमापकांनी दिलं. प्रत्येकाच्या किरणाची ऊर्जा ठरलेली आहे, पोटॅशियमची १.४६, युरेनियमच्या कुळातल्या बिस्मथची १.७६ आणि थोरियमच्या कुळातल्या थॅलियमची २.६१ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट. नीट पाहिलं तर इथे युरेनियमचा स्वतःचा आवाज नाहीच. आपण ऐकतो ते त्याच्या वंशजाला. पाण्याने युरेनियम वाहून नेलं आणि वंशज मागे राहिले, तर यंत्र ओरडेल आणि खडकात युरेनियम मिळणार नाही. नुकतंच साचलेलं युरेनियम असेल तर उलट होईल, साठा असून यंत्र थंड. शिवाय हातभर मातीही गॅमा किरण जवळजवळ पूर्ण अडवते. या मर्यादा माहीत असूनही ज्यांनी या यंत्रांवर भिस्त ठेवून साठे शोधले, त्यांनी खडक किती बारकाईने वाचले असतील, याची जाणीव ठेवून पुढची प्रकरणं वाचावीत.

ज्यांना ही यंत्रं जमवायची आहेत त्यांच्यासाठी काही अगदी व्यवहाराचं. जुन्या यंत्रात साडेसदुसष्ट व्होल्टच्या रेडिओच्या बॅटऱ्या लागत. त्या आता सहसा मिळत नाहीत, पण नऊ व्होल्टचे सेल एकापुढे एक जोडून काम भागतं. आत राहिलेला सेल पाझरला असेल तर पहिलं नुकसान संपर्काच्या पट्ट्यांचं होतं, ते आधी पाहावं. उच्च दाबाचा विद्युतप्रवाह क्षीण असला तरी झटका बसतो. अनेक परदेशी यंत्रांच्या कडेला तपासणीसाठी रेडियमची छोटी टिकली लावलेली असे. ती खरवडू नये, उघडू नये, मुलांच्या हाती देऊ नये, आणि रेडियमच्या वस्तूंबाबतचे परवान्याचे नियम आधी विचारून घ्यावेत. पिवळ्या रंगाचं सीडीव्ही-७१५ हे अमेरिकी नागरी संरक्षणाचं यंत्र दिसायला रुबाबदार आहे, पण ते अणुयुद्धानंतरचा तासाला शेकडो रॉन्टजेनचा मारा मोजण्यासाठी बनवलेलं. त्याला खनिज, मेंटल, काहीही जाणवणार नाही. घेणाऱ्याने ते बिघडलेलं समजू नये. त्याचा भाऊ सीडीव्ही-७०० गायगर नळीचा आहे आणि तो नीट काम करतो. दुरुस्ती करताना मूळ भाग फेकून नवा सर्किट बोर्ड बसवण्याची पद्धत पडत चालली आहे. तिला माझा ठाम विरोध आहे. पेटी मूळची आणि पोट परकं, अशा वस्तूवरून ती बनवणाऱ्याने काय विचार केला होता हे पुढच्या माणसाला कधीच कळणार नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या जुन्या बाजारात अजूनही हवा तो कंडेन्सर चिकाटीने शोधला तर मिळतो.

या पुस्तकातली मोजणी मी मिनिटाच्या टिकांतच ठेवली आहे. आजच्या एककांत त्या बदलल्या असत्या तर अचूकपणाचा खोटा भास झाला असता, कारण प्रत्येक नळीचा स्वभाव निराळा. प्रत्येक नोंदीपूर्वी आणि नंतर त्याच यंत्राने वरव्याच्या माळावरची पायरेघ घेतली आहे, पाऊस होऊन गेला असेल तर ते लिहिलं आहे. देशी यंत्रांच्या प्रकरणांत मात्र जागोजागी सर्किटच्या आकृत्या नाहीत, कारण त्या छापील स्वरूपात माझ्या हाती आल्या नाहीत. तुर्भ्याला, हैदराबादला किंवा अणुखनिज विभागाच्या पथकांत काम केलेल्या अनेकांची घरं आज पुण्यात, मुंबईत, नागपुरात आहेत. त्यांच्या कपाटात त्या काळच्या माहितीपुस्तिका, हाताने काढलेल्या आकृत्या, रानातल्या नोंदवह्या असू शकतील. गोपनीय काही मागत नाही. नळीला किती व्होल्ट दिले, सेल किती तास टिकले, रोज सकाळी पायरेघ कुठे घेतली, एवढ्या साध्या नोंदींची पानं कुणी जवळच्या विद्यापीठाच्या किंवा संग्रहालयाच्या ग्रंथालयाकडे दिली, तरी या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत ती प्रकरणं नव्याने लिहिता येतील.